बोटांनी वाचलेलं

सुनंदाबाईंनी माउसची कळ दाबली आणि पडद्यावरचं सगळं इंग्रजी एका दमात मराठी झालं. निदान पहिल्या क्षणी त्यांना तसंच वाटलं, आणि त्या एकट्याच हसल्या. क, म, स, च अशी आपली ओळखीची अक्षरं जिथे तिथे येऊन बसली होती. मग त्यांनी वरची ओळ वाचायला घेतली. ‘थ्पसम’. तिच्या शेजारी ‘म्कपज’. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. थ्पसम तो थ्पसमच राहिला.

हसू कुठल्या कुठे पळालं. एकाही चौकटीवर, एकाही चित्राखाली अर्थ लागेल असा शब्द उरला नव्हता. अक्षरं सगळी मराठी आणि त्यात मराठी म्हणून काही नाही.

पाचोऱ्याला तोतारामनानांच्या छापखान्यात त्या सतरा वर्षं मराठी टायपिस्ट होत्या. कळांकडे न बघता टाइप करायच्या, आणि करताकरता दारात आलेल्या गिऱ्हाइकाला उत्तरही द्यायच्या. मागच्या दिवाळीनंतर नानांनी कॉम्प्युटर घेतला, त्याला आतली थंड खोली दिली, कूलर दिला. सुगंधाबाईंनी, म्हणजे नानांच्या मंडळींनी, आपल्या एका जुन्या साडीचं त्याला झाकण शिवलं. त्या खोलीत चपला काढून जायचं असा नियम झाला. टाइपरायटरला सतरा वर्षांत असलं कौतुक कधी लाभलं नव्हतं, पण सुनंदाबाईंनी ते मनाला लावून घेतलं नाही. नानांचा जावई भिकन जळगावला कॉम्प्युटरचे वर्ग चालवायचा. त्याने खास त्यांच्यासाठी टाइपरायटरसारख्याच कळांवर चालणारा मराठी फॉण्ट आणला, आणि चार दिवसांत बाईंचा हात बसला.

घोळ झाला तो या नव्या सिस्टीमने. ती बाजारात यायची होती. तिची चाचणीची आवृत्ती भिकनने पुण्याच्या कुणाकडून तरी मिळवली होती आणि गेल्या रविवारी इथे चढवली. “अजून कच्ची आहे, जपून,” असं दहादा बजावलंही होतं. पण तिची खरी गंमत म्हणजे तिचं रूपडं हवं तसं बदलता यायचं. चौकटींच्या पट्ट्या कुठल्या रंगाच्या, मागची जमीन कशी, अक्षरं कोणती, सगळं आपल्या हातात. नाना खुर्ची ओढून बसले आणि दुकानात लुगडं निवडावं तसे त्यांनी रंग निवडले. पट्ट्या केळीच्या पानासारख्या हिरव्या, जमीन फिकट पिवळी. आता उद्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याच्या कमिटीची माणसं छापखान्यात यायची होती. त्यांना हे दाखवायचं नानांच्या फार मनात होतं.

बाई मागे उभ्या राहून बघत होत्या. अक्षरांच्या यादीत त्यांना आपला मराठी फॉण्टही दिसला. त्याच दिवशी भिकन नानांना हळूच म्हणालेलाही त्यांनी ऐकला होता, “आता इंग्रजी येणारं माणूस लागेल, नाना.” तेव्हापासून बाईंशी बोलताना नानांची नजर टेबलावर असायची. आठवडाभर बाईंना नीट जेवण गेलं नव्हतं. नवऱ्याचं, हिलालचं, कापसाच्या जिनिंगमधलं काम सुटल्याला दीड वर्ष झालं होतं, पोरगी भडगावला डी.एड.ला होती, घर या एका नोकरीवर उभं होतं. आणि म्हणून आज, नाना भडगावला गेलेले असताना, भर दुपारी त्यांनी ठरवलं की या मशीनचं इंग्रजीच मराठी करून टाकायचं. यादीतून मराठी फॉण्ट निवडला की झालं. मग इंग्रजी येणारं माणूस कशाला लागतंय?

मनात आलं ते हे असं होतं. आणि झालं ते समोर होतं.

आता पुढची चूक त्यांनी केली ती निव्वळ घाबरून. टाइपरायटरवर चुकलं की खोडायला रबर लागतं. इथे भिकनने शिकवलं होतं, चुकलं की ‘डिलीट’ची कळ. मग चूक छोटी काय नि मोठी काय, पुसली जाईल अशा हिशेबाने बाईंनी बोट लांब केलं आणि ती कळ दाबली.

पडद्याच्या मधोमध एक चौकट उभी राहिली. तिच्यात एक ओळ होती:

क्मसमजम दमू वचमतंजवत

आणि खाली दोन बटणं. डाव्यावर ‘ल्मे’. उजव्यावर ‘छव’.

बाईंचे हात मांडीवर आले. मशीन काहीतरी पुसायला निघालं होतं आणि पुसू का म्हणून विचारत होतं, एवढं त्यांना कळलं. मघाशी माउसचा बाण त्या ‘वधू-वर’च्या चित्रापाशीच फिरत होता, हेही आठवलं.

चारशे बारा मुलामुलींची माहिती होती त्या यादीत. अडीच महिने बाईंनी ती एकहाती टाइप केली होती. नाव, गाव, कूळ, मामांचं गाव, शिक्षण, उंची, जमीन. कागद एकही शिल्लक नव्हता. पोरीची माहिती परक्या ठिकाणी पडून राहू नये म्हणून साक्रीपासून रावेरपर्यंतच्या लोकांनी अटच घातली होती, टाइप झालं की कागद परत. कुणी बाप स्वतः येऊन समोर बसायचा, शेवटची ओळ टाइप झाली की कागद उचलून खिशात घालायचा आणि मगच चहा घ्यायचा. फ्लॉपीवर नक्कल काढायची भिकन रविवारी विसरला होता. मेळावा सोळा दिवसांवर आला होता आणि या यादीची पुस्तिका उद्या छपाईला घ्यायची होती.

मशीन सरळ बंद करावं का? पण भिकनची ताकीद कानात होती. कच्ची आवृत्ती आहे, मध्येच बंद केलीत तर पुन्हा उठायची नाही.

बाईंनी ती ओळ आणि दोन्ही बटणांवरची अक्षरं एका चिठ्ठीवर उतरवली. काना-मात्रा तपासली. कळांना धक्का लागू नये म्हणून खुर्ची न सरकवता अंग चोरून उठल्या, खोलीला बाहेरून कडी घातली आणि समोरच्या एस.टी.डी. बूथकडे निघाल्या. रस्ता तापला होता. अर्ध्यावर गेल्यावर त्यांना कळलं की चपला दारातच राहिल्यात. परत फिरायचं काही त्यांच्याने झालं नाही.

“भिकनभाऊ, मी सुनंदाबाई बोलतेय. पाचोऱ्याहून.”

“बोला बाई.”

“मशीन काहीतरी विचारतंय.”

“काय विचारतंय? वाचा.”

बाईंनी चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली. “क्मसमजम दमू वचमतंजवत.”

भिकन जपून म्हणाला, “बाई, ऊन फार आहे का तिकडे? तब्येत बरी आहे ना?”

“मी बरी आहे. मशीन असं म्हणतंय. मी सगळ्या अक्षरांना मराठी फॉण्ट लावला. मग डिलीटची कळ दाबली गेली.”

“अरे देवा,” भिकन म्हणाला. “सगळ्यालाच लावला? बटणांनासुद्धा?”

“बटणांनासुद्धा. डावीकडे ल्मे आहे आणि उजवीकडे छव.”

“मला ते बोलून दाखवू नका, मला त्यातलं काही कळणार नाही. एक ‘हो’ असेल आणि एक ‘नाही’.”

“कोणतं कोणतं?”

“तेच तर. जुन्यात ‘हो’ डावीकडे असायचं. या कच्च्या आवृत्तीत त्यांनी कुठे काय हलवलंय, मी शपथेवर नाही सांगू शकत.” त्याने एक सुस्कारा सोडला. “असं करा, काहीच दाबू नका. मी परवा येतो. सगळं पुसून सिस्टीम पहिल्यापासून टाकतो.”

“आणि यादी?”

“बघू. बाई, तुम्ही कशाला हात लावायला गेलात? तशीही आता थोड्या दिवसांची...” तो थांबला. “ठेवतो. वर्गात पोरं खोळंबलीत.”

बूथवाल्याने पावती फाडेपर्यंत बाई काचेला टेकून उभ्या राहिल्या. थोड्या दिवसांची म्हणजे काय, हे विचारायला फोन आता चालू नव्हता, आणि असता तरी त्यांनी विचारलं नसतं. त्यांना रडू येत होतं. रस्त्यात रडायचं नाही म्हणून त्या भराभर चालल्या.

परत आल्या त्या थंड खोलीत गेल्याच नाहीत. बाहेर कोपऱ्यात आपला टाइपरायटर होता, तिथे बसल्या. घाबरलं माणूस आपल्या जागी जाऊन बसतं, त्याला काही विचार लागत नाही. नाना आले की त्यांना काय झालं ते नीट दाखवता यावं, आपल्या अक्षरात चिठ्ठी नको, म्हणून त्यांनी कागद चढवला आणि टाइप करायला घेतलं. क्मसमजम. बोटं आपोआप जात होती. पाय मोडका क, मग म, मग स, मग म, ज, म. ‘म’साठी तेच बोट तीनदा वरच्या ओळीत जाऊन आलं.

तिसऱ्या वेळेला बाईंनी ते बोट तिथेच ठेवलं.

इथे या कळेवर ‘म’ होता. आत, त्या मशीनवर, याच जागेच्या कळेवर इंग्रजी अक्षर छापलेलं होतं. कोणतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी कळांकडे कधी पाहिलंच नव्हतं. पण बोटाला जागा ठाऊक होती. मशीन इंग्रजीच बोलत होतं. फक्त त्याच्या तोंडून बाईंच्या कळा बाहेर पडत होत्या.

आतल्या खोलीत कूलर घरघरत होता. चौकट तशीच उभी होती. बाईंनी खुर्चीच्या कडेवर बसून दोन्ही हात कळांवर धरले, पण टेकवले नाहीत. मध्ये फक्त वीतभर, नाही, बोटभर अंतर. एक जरी कळ चुकून दबली तर मशीन त्यालाच उत्तर समजायचं. हात असे अधांतरी धरायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी एक हात खाली घेतला आणि एकाच हाताने सुरुवात केली.

पाय मोडका क. बोट जागेवर नेलं, मान वाकवून खाली पाहिलं. डी. मग म, खाली ई. स, एल. पुन्हा ई. ज, टी. ई. त्यांनी उजवीकडच्या कळेकडे पाहिलं, जी दाबून हा सगळा घोटाळा झाला होता. तिच्यावर हीच सहा अक्षरं याच क्रमाने छापलेली होती.

आता बटणं. छ. बोटाखाली एन होतं. व, खाली ओ. एवढं इंग्रजी मराठी शाळेतल्या पोरालाही येतं. नो. ‘नाही’ उजवीकडे होतं. तरी खात्री हवी म्हणून त्यांनी दुसरंही लावून पाहिलं. अर्धा ल, वाय. म, ई. मात्रा, एस.

त्यांनी श्वास सोडला. माउसवर हात ठेवला, बाण हळूहळू ‘छव’कडे नेला आणि ‘छव’वर आणला. दाबलं की सुटले. यादी वाचली, नोकरीचं पुढचं पुढे.

पण सतरा वर्षं प्रुफं वाचलेलं माणूस एक शब्द न वाचता सोडून पुढे जाऊ शकत नाही. मधले दोन शब्द राहिले होते. ‘वधू-वर’चं इंग्रजी नाव भिकनने बाईंच्या समोर टाइप केलेलं होतं, व्ही ए डी एच, आणि ते एकच होतं, दोन शब्दांचं नव्हतं.

द. बोटाखाली एन. म, ई. ऊकार, डब्ल्यू. न्यू. कापडदुकानांच्या पाट्यांवर असतो तो न्यू.

व, ओ. च, पी. म, ई. त, आर. अनुस्वार, ए. ज, टी. पुन्हा व, पुन्हा त.

ऑपरेटर. हा शब्द त्या रोज ऐकत होत्या. भिकन आल्यागेल्यासमोर म्हणायचा, ‘या आमच्या ऑपरेटर बाई.’

बाईंनी चौकटीच्या मागे पाहिलं. ‘वधू-वर’चं चित्र जागेवर होतं. त्याच्या शेजारी, कोपऱ्यात, आणखी एक चित्र निळं पडलं होतं, म्हणजे पुसायला निवडलं गेलं होतं ते. ते रविवारपासून तिथे होतं. मशीनचंच काहीतरी असेल म्हणून बाईंनी त्याच्या नावाकडे पाहिलंही नव्हतं. त्या चित्रं ओळखायच्या ती जागेवरून, वरून तिसरं, खालून दुसरं. सरळ इंग्रजीत होतं तोवर त्यांनी ते वाचलं नाही, आणि सगळं नासल्यावर एकेक अक्षर करून वाचलं. त्यांच्या जागी माणूस पाहिजे अशी जाहिरात. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर जायची असणार. म्हणूनच ते पान नानांनी कोरं ठेवायला सांगितलं होतं.

यादीला धक्का लागलेला नव्हता. ही बातमी चांगली होती, पण बाईंना आता पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटायला लागली. मघाशी त्यांना काहीच वाचता येत नव्हतं. आता ‘हो’ कोणतं ते येत होतं, आणि बाण तिथून चार बोटांवर होता. त्यांनी माउसवरचा हात काढून घेतला, दुसऱ्या हाताखाली दाबून धरला आणि तशाच बसून राहिल्या.

नाना आले ते पिशवी हातातच घेऊन आत आले. बसमध्ये घामाने सदरा पाठीला चिकटला होता. पडद्याकडे पाहून ते उभेच राहिले.

“हाई काय व्हयनं, बाई?”

“माझ्या हातून झालं, नाना.” बाईंनी आधी तेच सांगून टाकलं. “अक्षरं बदलायला गेले. सगळीच बदलली. मग चुकून पुसायची कळ दाबली गेली.”

नानांच्या हातातली पिशवी खाली टेकली. “यादी? बाई, यादी गई का?”

“यादी शे, नाना. बठ्ठी शे.” यादी सगळी आहे हे सांगताना घरची अहिराणी त्यांच्या तोंडून कधी आली ते त्यांनाही कळलं नाही. छापखान्यात त्या असं बोलत नसत.

“मंग हाई काय इचारी ऱ्हायनं?”

बाई पडद्याकडे बघत, गिऱ्हाइकाला मजकूर वाचून दाखवतात तशा सरळ आवाजात म्हणाल्या, “न्यू ऑपरेटर. हे पुसू का, असं विचारतंय.”

नाना खुर्चीवर बसले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली आणि तिची घडी उगाच नीट करत राहिले. मग पडद्याकडे पाहिलं, तिथे काही अर्थ लागेना, म्हणून बाईंच्या हातांकडे पाहिलं.

“तुमले हाई वाचता उनं?”

“हो.”

“कशे?”

“बोटांनी.”

नानांनी मान हलवली. समजल्यासारखी हलवली, पण त्यांना समजलं नव्हतं, आणि ते आज पहिल्यांदाच लपत नव्हतं. सात महिने या खोलीत बसून हिरवा-पिवळा रंग निवडण्यापलीकडे त्यांना या मशीनचं काही कळलं नव्हतं. बाईंना ते एकदम दिसलं. आपल्याला कळत नाही हे जावयाला दाखवता येत नाही म्हणून माणूस जावई म्हणेल तसं करतो, हेही दिसलं. राग यायला हवा होता. आला तो पुरता आला नाही.

“भिकननी लिखं ते,” नाना म्हणाले. “मी नुसतं बरं म्हनी दिधं.”

नानांनी पडद्यावरच्या बटणांकडे बोट केलं.

“या दोनमा, ‘हो’ कोनतं शे?”

आता बाई जे सांगतील ते खरं. पडताळून पाहील असं माणूस सबंध पाचोऱ्यात नव्हतं. जळगावातही नव्हतं, ते दुपारीच कळलं होतं.

“डावीकडचं,” त्या म्हणाल्या.

नाना डावीकडच्या बटणाकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांनी हात पुढे केला, माउसपर्यंत नेला, आणि तो कसा धरायचा ते न सुचून टेबलावरच ठेवला. मग उठले, टोपी घातली, पिशवी उचलली.

“मी भाईर बठस,” ते म्हणाले. “तुमनं काम आवरी ल्या.”

जाताना त्यांनी दार लोटून घेतलं. बाहेरच्या बाकावर ते बसल्याचा आवाज आला, आणि मग नुसता कूलर. सुनंदाबाईंनी ओला झालेला तळवा पदराला पुसला, माउस हातात घेतला आणि बाण डावीकडे नेला.